खिशातल्या राक्षसांचे फेरफार

मनुष्याला एखादी वस्तू मनापासून आवडली म्हणजे ती आहे तशी राहू देणे त्याला सहसा साधत नाही. ज्याला रामकथेविषयी बेताचीच आस्था आहे तो ती एकदा ऐकून स्वस्थ बसतो. परंतु ज्याला ती अतोनात आवडते तो बारामतीच्या मोरोपंतांप्रमाणे एकशे आठ रामायणे रचावयास घेतो, आणि त्यांपैकी एकात तर ओष्ठ्य वर्ण म्हणून येऊ द्यावयाचा नाही अशी प्रतिज्ञा करून, 'म' हे अक्षरच वर्ज्य झाल्यामुळे जीत खुद्द रामाचे नाव घेण्याची सोय उरलेली नाही अशी रामकथा सिद्धीस नेतो. वाल्मीकींच्या हातून काही राहून गेले होते, अशी पंतांची तक्रार कोठेही नमूद नाही. त्यांच्या प्रेमाची जातच अशी होती की ते नुसत्या पारायणाने शमणारे नव्हते. या निरोष्ठ रामायणाचे स्मरण मला अलीकडे ज्या निमित्ताने वारंवार होऊ लागले आहे, ते निमित्त पंतांना कितपत मानवले असते याविषयी मात्र मी साशंक आहे. कारण ते म्हणजे आमच्या वर्ध्याचे पोट्टे मोबाइलवर खेळतात तो पोकेमॉन नावाचा राक्षस पकडण्याचा खेळ, आणि त्याहूनही अधिक, त्या खेळात जगभरच्या चाहत्यांनी मालकाला न विचारता परस्पर करून ठेवलेले असंख्य फेरफार.

मूळ कागद आधी पाहावा आणि मग फेरफारांकडे वळावे, ही महसूल खात्यात गेलेल्या उभ्या हयातीने मला लावलेली शिस्त आहे. तेव्हा मूळ कागद असा. सातोशी ताजिरी या १९६५ साली जन्मलेल्या जपानी गृहस्थांचे बालपण तोक्योजवळच्या मचिदा भागात किडे आणि भुंगेरे गोळा करण्यात गेले. पुढे शहर फुगले, तळी बुजली, शेते डांबराखाली गेली. आणि ज्या सुखात आपण वाढलो ते पुढच्या मुलांना निदान यंत्रात तरी लाभावे या कळकळीतून, तसेच दोन गेम बॉय यंत्रांना जोडणाऱ्या तारेवरून एखादा किडा इकडून तिकडे सरपटत चालला आहे अशा एका कल्पनेतून, सहा वर्षांच्या खटाटोपानंतर २७ फेब्रुवारी १९९६ रोजी हा खेळ तांबड्या आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्यांत जपानात प्रसिद्ध झाला. त्यात राक्षस एकशे एकावन्न. यातला एकशे एकावन्नावा, म्यू नावाचा, शिगेकी मोरिमोतो या आज्ञावलीकारांनी, काम संपल्यानंतर तपासणीची साधने काढून घेतल्यामुळे जी सुमारे तीनशे बाइट जागा मोकळी झाली तीत, आता कशालाही हात लावू नये असा दंडक असताना, हळूच सरकवून दिला. म्हणजे या खेळातला पहिला अनधिकृत फेरफार खुद्द कचेरीतल्याच माणसाच्या हातचा आहे, ही गोष्ट पुढे वकिलांच्या नोटिसांचा विषय निघेल तेव्हा वाचकांनी ध्यानात ठेवावी.

या खेळातले जग बारकाईने पाहू जाता ते आमच्या जिल्ह्याहून फारसे निराळे आहे असे म्हणवत नाही. फरक आहे तो दोन-तीन ठिकाणी. दहा-अकरा वर्षांचा मुलगा आईला सांगून घराबाहेर पडतो आणि आई त्याला अडवीत नाही, हा पहिला. गावोगावी जखमी राक्षसांचे दवाखाने असून तेथे ना रांग, ना केसपेपर, ना पैसा, हा दुसरा. आणि वाटेतले झाड तोडावयाचे झाले तरी दुसऱ्या गावच्या जिमचा, म्हणजे आखाड्याचा, बिल्ला आधी मिळवावा लागतो, आणि तोडलेले झाड आपण परत येईपर्यंत पुन्हा वाढलेले असते, हा तिसरा. बाकी सर्व ओळखीचे आहे. कोणाच्याही घरात दार न वाजवता शिरावे, घरधन्याने जन्मभर घोकलेले एकच वाक्य ऐकवावे, आणि आपण ते ऐकून निमूट बाहेर पडावे. रस्त्यात एखाद्याशी नुसती नजरानजर झाली तरी भांडण अटळ. सायकलीची किंमत दहा लक्ष, आणि थैलीत रक्कम मावते ती मात्र नऊ लक्ष नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव. सबब सायकल विकत घेणे कोणालाही कधीही शक्य नाही. ती मिळविण्याचा मार्ग एकच: पोकेमॉनप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांपुढे बसून त्यांनी आपल्या लाडक्या घोड्याविषयी केलेले भाषण आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावयाचे, म्हणजे ते प्रसन्न होऊन सायकलीची चिठ्ठी देतात. पुढे एका मोठ्या शहराच्या चारी नाक्यांवरचे पहारेकरी वाट अडवून उभे असतात. २००४ सालच्या आवृत्तीत त्यांना चहा पाजला की चारी नाकी एकदम खुली होतात. हे लिहिणारे गृहस्थ आमच्याकडे कधी आले नव्हते, हे मला पुनःपुन्हा स्वतःला बजावून सांगावे लागते.

वर्ध्यास हा खेळ आला तो वाकड्या वाटेने. आधी, २००३ च्या सुमारास, कार्टून नेटवर्कवरून त्याची चित्रमालिका हिंदीत आली, आणि शाळकरी मुलांना राक्षसांची नावे पाढ्यांपूर्वी पाठ झाली. खेळावयाचे यंत्र मात्र बहुतेकांनी डोळ्यांनीदेखील पाहिले नाही. ते आले पुष्कळ वर्षांनी, आणि तेही यंत्र म्हणून न येता मोबाइलमध्ये त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरच्या रूपाने. त्यामुळे आमच्याकडील पिढीला मूळ खेळ आणि त्याचे फेरफार एकाच दिवशी, एकाच मित्राकडून, एकाच पेनड्राइव्हमधून भेटले, आणि कोणता औरस व कोणता दत्तक हा भेद अनेकांना अद्यापि उमगलेला नाही. माझा नातू या बाबतीत जाणकार आहे. त्याच्या खांद्यावरून डोकावून मी एकदा, "हा तोच जपानी खेळ ना?" असे विचारले, तेव्हा त्याने माझ्याकडे न पाहता, "नाही जी आबाजी, वरिजनल कोन खेळते आता? हॅक आहे हा," असे उत्तर दिले. हॅक म्हटल्यावर आमच्या पिढीला बँकेतले पैसे आठवतात. मी चपापलेला पाहून त्याने सर्व खुलासा केला, आणि तो ऐकून झाल्यावर माझी खात्री पटली की ही मंडळी आमच्याच खात्यातली आहेत.

कारण या धंद्याची रीतच मुळी तलाठी दप्तरासारखी आहे. मूळ खेळाला, म्हणजे त्यांच्या भाषेत रॉमला, कोणी हात लावून तो वाटीत नाही. वाटतात तो केवळ पॅच, ज्यात अमुक क्रमांकाच्या जागी अमुक होते ते काढून तमुक लिहावे एवढ्याच नोंदी असतात. आय.पी.एस. नावाच्या जुन्या पद्धतीचा पॅच तर प्रारंभी इंग्रजीत 'पॅच' ही पाच अक्षरे घालतो आणि शेवटी समाप्तीची तीन, म्हणजे मथळा आणि इति यांचे भानही त्याने राखलेले आहे. मूळ प्रत ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर पैदा करावी. ती कोठून, हे कोणी विचारावयाचे नाही आणि कोणी सांगावयाचे नाही. सर्वांत अधिक फेरफार झाले आहेत ते २००४ साली निघालेल्या फायररेड या आवृत्तीवर. तो अख्खा खेळ सोळा मेगाबाइटांचा; लग्नातल्या एका हळदीच्या चित्रफितीला आज याहून अधिक जागा लागते. परंतु त्या सोळा मेगाबाइटांच्या गावठाणात परक्या मंडळींनी नवे प्रांत वसविले, नद्या वळविल्या, डोंगर हलविले, आणि काही निष्ठावंतांनी तर जुन्या आवृत्त्यांची सबंध आज्ञावली उलट दिशेने उकलून, ओळीओळीला टिपा लावून, पुन्हा वाचनीय करून ठेवली. एवढे परिश्रम विनावेतन करणारा कारकून माझ्या छत्तीस गावांत मला लाभला नाही.

या फेरफारांत न्याय्य असेही पुष्कळ आहेत. मूळ खेळात कडाब्रा, मचोक, हाँटर अशा काही राक्षसांची उत्क्रांती तोपर्यंत होत नाही, जोपर्यंत आपण तो राक्षस दुसऱ्या यंत्रावरील दुसऱ्या मनुष्याला तारेने देत नाही. ताजिरींच्या किड्याचा सरपटण्याचा मार्ग तो हाच. मुलांनी एकमेकांत मिसळावे असा यातला हेतू स्तुत्य खरा. पण ज्या मुलाजवळ पहिले यंत्रच वडिलांच्या मोबाइलात लपलेले आहे, त्याने दुसरे यंत्र आणि वर तार कोठून आणावी? चाहत्यांनी ही अट रद्द करून राक्षस ठरावीक पातळीला पोहोचला की आपोआप वाढेल अशी दुरुस्ती केली. ही दुरुस्ती ज्या कोणी प्रथम केली त्याने आर्वी-आष्टीकडच्या मुलांचे दुःख न पाहताच ओळखले, असेच म्हटले पाहिजे. अशीच दुसरी सोय ॲश ग्रे नावाच्या फेरफाराची: दूरचित्रवाणीवरचा नायक ज्या क्रमाने ज्या गावी गेला त्याच क्रमाने त्यात जाता येते. ज्यांनी मालिका पाहिली आणि खेळ पाहिला नाही, त्यांना मूळ खेळच चुकीचा वाटतो आणि हा फेरफार अस्सल.

परंतु बहुसंख्य फेरफारांचा रोख सोयीकडे नसून गैरसोयीकडे आहे, आणि येथे मनुष्यस्वभावाचे जे दर्शन घडते ते विचार करावयास लावणारे आहे. मूळ खेळ दहा वर्षांच्या बालकासाठी बेतलेला. तो ज्यांनी दहाव्या वर्षी जिंकला ते आता तिशीत आले. नोकरी, हप्ते आणि सांधेदुखी यांच्याशी त्यांचा परिचय झाला. आणि एवढे सर्व पदरी असताना त्यांना असे वाटू लागले की आपल्या आयुष्यात काठिण्य कमी आहे. म्हणून त्यांनी रॅडिकल रेड निर्माण केला, ज्यात पूर्वी दोन दगडी राक्षस पुढे करून सुखाने हरणारा पहिल्या गावचा गुरू आता एखाद्या मुरलेल्या वकिलाप्रमाणे आपली पुढची प्रत्येक चाल आधी ओळखून असतो. अनबाउंड नावाचा दुसरा एक फेरफार कलाकुसरीने इतका संपन्न आहे की तो उपरा वाटू नये. पण त्यातही काठिण्याच्या पायऱ्या असून सर्वांत वरच्या पायरीचे नाव, मराठीत सांगावयाचे तर, 'वेडपणा' असे आहे. माझा नातू तीच घेतो. मे महिन्यात वर्ध्याचा पारा सेहेचाळीस अंशांवर गेलेला, कूलरमधले पाणी संपलेले, वीज गेलेली, आणि अशा दुपारी हा जीव घामाने निथळत एकाच जिमगुरूकडून वारंवार मार खात बसलेला मी पाहिला आहे. "मग सोपा का घेत नाहीस?" असे विचारले तर, "सोप्यात मजा नाही ना जी," एवढेच म्हणतो. हेच उत्तर मोरोपंतांनी दिले असते, थोडे अधिक अनुप्रासयुक्त.

पंतांच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार मात्र याहूनही निराळा आहे. त्याला नझलॉक म्हणतात. २०१० साली एका अमेरिकन चाहत्याने काढलेल्या चित्रमालेतून तो प्रसृत झाला आणि आता अनेक फेरफारांत त्याची व्यवस्था मुळातच करून ठेवलेली असते. नियम थोडे आणि निष्ठुर आहेत. प्रत्येक नव्या मुलुखात प्रथम जो राक्षस भेटेल तेवढाच पकडावयाचा. झुंजीत जो मूर्च्छित पडला तो मेला असे समजून त्याचा कायमचा निरोप घ्यावयाचा. आणि, हे सर्वांत घातुक, प्रत्येकाला स्वतः नाव ठेवावयाचे, जेणेकरून शोक यथासांग व्हावा. या शेवटच्या नियमाचा प्रसाद आमच्या घराला मिळाला. एका रात्री सर्व जेवावयास बसलो असता नातवाने एकाएकी ताट बाजूला सारले आणि कमालीच्या खिन्न स्वरात म्हटले, "बंडू गेला." त्याच्या आजीच्या हातातली भाकर तशीच राहिली. आमच्या नात्यागोत्यात बंडू तीन आहेत, पैकी दोन प्रकृतीने तोळामासा. पदर डोळ्यांना लावून ती कशीबशी म्हणाली, "कोन्ता रे? देवळीचा का?" त्यावर हा म्हणतो, "नाही वं आजी, माउंट मूनचा." माउंट मून कोणत्या तालुक्यात येते आणि सुतक किती दिवसांचे, याची विचारपूस पूर्ण होण्याच्या आत मी बंडू हा एक पक्षी असून तो पातळी तेरावर वटवाघळाच्या हल्ल्यात मरण पावला, ही वस्तुस्थिती विशद केली, परंतु त्या रात्री पुन्हा कोणाला घास गेला नाही, आणि देवळीच्या बंडूला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन गेला तो गेलाच.

काही फेरफार आवडीपोटी झाले नसून केवळ अज्ञानाने झाले आहेत, त्यांची जात वेगळी. चाहत्यांत 'व्हिएतनामी क्रिस्टल' या नावाने ओळखली जाणारी एक चोरटी प्रत आहे. जपानी मजकूर कोठल्याशा दुसऱ्या भाषेतून फिरवून इंग्रजीत आणताना तिच्यात पोकेमॉनांना सरसकट 'एल्फ' म्हणजे यक्ष करून टाकले आहे, आणि पात्रे एकमेकांशी जे बोलतात त्याचा अर्थ तीही सांगू शकणार नाहीत. ज्या गावात १९३६ पासून राष्ट्रभाषा प्रचार समिती काम करीत आहे त्या गावच्या रहिवाशाला यात परके असे काही वाटले नाही. शासकीय परिपत्रकांची भाषांतरे मी वाचलेली आहेत.

आता मालकाविषयी. निन्टेन्डो कंपनीला हे प्रेम रुचत नाही. कायद्याच्या दृष्टीने पाहता तिची बाजू खोटी आहे असे मी म्हणणार नाही, कारण ज्याची जमीन त्याचीच नोंद, हे तत्त्व मी जन्मभर राबविले. प्रिझम नावाच्या फेरफारावर काही मंडळींनी आठ वर्षे खर्ची घातली. २०१६ च्या नाताळात तो प्रसिद्ध व्हावयाचा, तो अवघे काही दिवस आधी वकिलांचे पत्र दाखल झाले आणि कर्त्यांनी हात आवरला. पुढे लवकरच तोच खेळ कोणा अनामिकाच्या कृपेने जगभर पसरला, ही गोष्ट निराळी. त्याच वर्षीच्या ऑगस्टात युरेनियम नावाचा एक खेळ, जो फेरफार नव्हता पण नऊ वर्षांचा नवा संसार होता, पंधरा लाखांवर लोकांनी उतरवून घेतल्यानंतर याच कारणाने मागे घ्यावा लागला. कंपनीचा हा कडकपणा पाहून मला पैठणच्या नाथांची आठवण होते. शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून, भाविकांनी प्रेमाच्या भरात घुसडलेल्या ओव्या काढून, शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे यात कोणी आपली भर घालू नये असा सज्जड इशारा शेवटी देऊन ठेवला. फरक एवढाच, की नाथांनी नोटीस ओवीत दिली आणि नुकसानभरपाई मागितली नाही.

हे सर्व ऐकून, वाचून आणि खांद्यावरून पाहून झाल्यावर मी नातवाला सुचविले की परक्यांच्या काल्पनिक प्रांतांत भटकण्यापेक्षा वर्धा जिल्ह्याचाच एक फेरफार का करू नये? वास्तविक या खेळासाठी इतका सोयीचा जिल्हा महाराष्ट्रात दुसरा शोधून सापडणार नाही. खेळात जिम आठ लागतात. आमचे तालुके मोजून आठ आहेत, वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर, आणि प्रत्येकाचा बिल्ला कसा दिसावा याविषयी त्या त्या तालुक्यात वाद सुरू व्हावयास दोन दिवस पुरेत. राक्षस पकडण्याची परंपरा तर येथे जपानहून बरीच जुनी. सेलू तालुक्यातले केळझर हीच महाभारतातली एकचक्रानगरी, अशी श्रद्धा आहे, आणि तेथे गाडाभर अन्न खाणाऱ्या बकासुराचा बंदोबस्त भीमाने, खेळात राक्षस पकडावयास फेकतात तसला चेंडू न फेकता, केला. समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. बाबांची टर उडविणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला अशी तेथली कथा, आणि सुपारी-जायफळासारखे दिसणारे गोटे आजही लोक उचलून आणतात. मूळ खेळात नेमक्या अशाच एका डोंगरात दगड झालेले प्राणी मिळतात. २०१४ च्या फेब्रुवारीत लक्षावधी लोकांनी मिळून एकच खेळ सोळा दिवस खेळला, तेव्हा त्यांपैकी शंखाच्या आकाराच्या एका दगडाला त्यांनी थट्टेने देव करून टाकले होते. गिरडला कोणी हे ऐकून आश्चर्य करणार नाही.

गवतातून चालताना राक्षस भेटतात, त्या गवताच्या जागी कपाशी. मूळ खेळात अगदी आरंभीच एक हिरवी अळी सापडते, तिचा कोष होतो, कोषाचे फुलपाखरू होते, आणि मुले हरखतात. आमच्याकडे तिचा रंग गुलाबी ठेवावा लागेल, आणि येथे एक अडचण अशी उद्भवेल की बोंडअळीने पोळलेला शेतकरी मुलाला एकच अळी पकडून जाऊ देणार नाही. चेंडूंचा खर्च मी करतो पण एकरभर रान मोकळे करून जा, असे म्हणेल. औषधांच्या जागी वायगावची हळद, जिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, विषबाधेवर. आणि थकव्यावर वर्ध्याचा गोरसपाक. बोरच्या व्याघ्र प्रकल्पात दुर्मिळ राक्षस. खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत निराळ्या रंगाचा राक्षस दिसण्याचा योग आठ हजार एकशे ब्याण्णवात एक असा धरलेला आहे. बोरच्या सफारीला जाऊन केवळ माकडे पाहून आलेल्या माझ्या स्नेह्यांच्या मते हे प्रमाण उदार आहे. पुलगाव-आर्वी छोट्या रुळांची गाडी बंद पडली, त्या वाटेवर तो प्रचंड झोपाळू राक्षस निजवून ठेवावा. मूळ खेळात तो बासरीने उठतो. आमचा कशाने उठेल हे आर्वीकरांना विचारावे लागेल. त्यांनी निवेदने पुष्कळ वाजवून पाहिली आहेत.

एक प्रसंग मात्र असा आहे की त्याचा निकाल कंपनीने आमच्यासाठी आधीच लावून ठेवला. खेळाच्या आरंभी एक म्हातारा रस्त्यात आडवा पडून वाट अडवितो. जपानी मूळ पाठात तो प्यालेला आहे. इंग्रजी पाठात, बालमनावरील परिणाम ध्यानी घेऊन, त्याला सकाळची कॉफी मिळालेली नाही एवढेच सांगितले आहे. वर्धा हा दारूबंदीचा जिल्हा असल्यामुळे आम्हांस दुसरा पाठ ग्राह्य धरणे भाग आहे. रस्त्यात आडवा पडलेला मनुष्य आमच्या जिल्ह्यात अधिकृतपणे फक्त कॉफीवाचूनच पडू शकतो.

खरा पेच सेवाग्राम आणि पवनार येथे आहे. ज्या भूमीवर १९३६ साली गांधीजी राहावयास आले, त्या भूमीवर मुक्या प्राण्यांच्या झुंजी लावावयाच्या कशा? शेगाव नावामुळे टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागले म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेव्हा या गावाची एक उत्क्रांती होऊन चुकली आहे, आणि तीही लढाईवाचून, एवढा आधार मात्र आहे. त्यावरून मी असे सुचविले की येथला गुरू मुळी हल्लाच करणार नाही. तो केवळ बसून राहील, आणि त्याच्यावर वार करणाऱ्या आपल्याच राक्षसाला अखेर लाज वाटून तो माघार घेईल. नातवाने यावर बराच विचार करून, "आबाजी, हे वेडपणा मोडपेक्षा अवघड होईन," असा अभिप्राय दिला, आणि ते खरे आहे. पवनारची व्यवस्था तर याहून सुरेख लागली. येथल्या विनोबांनी १९५१ पासून देशभर हिंडून जमीनवाल्यांकडे सहावा हिस्सा मागितला, हे सर्वश्रुत आहे. खेळात प्रत्येकाजवळ एका वेळी राक्षस बाळगता येतात ते सहा. धाम नदीच्या काठी पोहोचलेल्या मुलापुढे झुंज नाहीच. त्याने आपल्या सहांतला एक राक्षस आपखुशीने देऊन टाकावा आणि बिल्ला घेऊन जावे. कोणता द्यावयाचा हे त्याने ठरवावयाचे. जुन्या दानपत्रांवरून पाहता काठावरचा, खडकाळ आणि नापीक राक्षस येण्याचा संभव फार, पण त्याला इलाज नाही.

आठ बिल्ले जमल्यावर चार महाबलाढ्यांशी गाठ पडते. ते जिल्ह्यात नसून नागपुरास बसतील, याविषयी कोणाचे दुमत झाले नाही. आमची सर्व अपिले तेथेच जातात. पहिले तिघे हरल्यावर चौथ्याने पुढची तारीख द्यावी, ही माझी सूचना मात्र नातवाने लोकांना खरी वाटेल म्हणून फेटाळली.

काम सुरू झाले तेव्हा अडचण आली ती लिपीची. मूळ खेळातली इंग्रजी अक्षरे शाळेतल्या मुलांप्रमाणे सुटी सुटी एका रांगेत उभी राहतात. आमची ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येऊन लिहिण्यात पुढे घुसते, रफार डोक्यावर चढतो, उकार खाली लोंबतो, आणि जोडाक्षर तर दोघांच्या जागेत एकटेच बसून राहते. नायकाच्या नावाला जागा सात अक्षरांची. काना, वेलांटी, उकार सुटे मोजले की 'पुंडलिकराव' त्यात मावत नाही हे कळताच नायकाचे वय आणि घराणे दोन्ही बदलावी लागली. महिनाभराच्या जागरणांनी शेवटी आमची गल्ली, कोपऱ्यावरची पानटपरी, एक विहीर आणि मंडळाच्या अध्यक्षांचे घर एवढा मुलूख तयार झाला. अध्यक्षांचे भाषण मी स्वतः लिहून दिले. त्यात जिल्ह्याचा १८६२ पासूनचा इतिहास, मुख्यालय कवठ्याहून पालकवाडीस कसे आले आणि १८६६ मध्ये तेथे वर्धा शहर कसे आखले गेले, हे सर्व क्रमवार आले असून, बटण दाबून ते पुढे ढकलता येऊ नये अशी तजवीज मी आग्रहाने करवून घेतली.

हा अपुरा खेळ नातवाने मित्रांत वाटला मात्र, आणि आठवडा उलटण्यापूर्वी मागच्या गल्लीतल्या एका कारट्याने आमच्या फेरफारावर आपला फेरफार चढवून तो गावभर केला. त्यात अध्यक्षांचे भाषण समूळ काढून टाकले आहे. आत पाऊल टाकताच ते मुकाट्याने सायकल देतात. शिवाय रस्त्यात आडव्या पडलेल्या म्हाताऱ्याला त्याने जाड काचांचा चष्मा चढविला असून, तो जागा झाल्यावर मूळ कागद आधी पाहावा असे काहीसे पुटपुटतो. विनापरवानगी दुसऱ्याच्या कृतीची अशी मोडतोड करणे कोणत्याही सभ्य समाजात खपवून घेतले जाऊ नये. मी त्याच दिवशी रीतसर हरकतीचा अर्ज तयार केला, कलमवार, पुराव्यांसह. "जाऊ द्या ना जी आबाजी, त्याले आवडला म्हणून केला त्यानं," असे नातू म्हणतो. अर्ज पुरा झाला आहे. केवळ मायना कोरा आहे. कारण तो जपानातल्या मूळ मालकांच्या नावे लिहावा तर चौकशीस ते प्रथम आमच्याच गल्लीत येतील, असे नातवाचे म्हणणे पडले, आणि ते म्हणणे कायदेशीरदृष्ट्या बिनतोड आहे.